मागच्या चाकांचे रूपांतर

आपल्याच मोटारीचे चाक आपल्याला मागे टाकून पुढे जाताना पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आमच्या घरात तो आमच्यापैकी एकीच्याच वाट्याला आला. दुसरा त्या वेळी घरी विद्यार्थ्यांचे निबंध तपासत बसला होता. तरीही तो प्रसंग सांगताना आम्ही ‘आमचं चाक गेलं’ असेच सांगतो, आणि इथेही तसेच सांगणार आहोत. दोषाची वाटणी करायची झाली तर ती बहुवचनात करावी, हे आम्ही त्याच रात्री ठरवून टाकले होते.

फोनवर संवाद झाला तो असा :

“चाक गेलं.”

“पंक्चर?”

“पंक्चर नाही रे. गेलं. कुंपणातून पलीकडं शेतात गेलं.”

“तू कशी आहेस?”

“हा प्रश्न पहिला विचारायचा होतास.”

२०१९ सालचा ऑक्टोबर, इंग्लंडातल्या वॉरिकशायर परगण्यातला अरुंद रस्ता, डावे वळण, ताशी तीस मैलांचा वेग. डाव्या वळणावर मोटारीचा भार उजव्या चाकांवर येतो. मागचा उजवा आस हबच्या आतच तुटला आणि हब, ड्रम, चाक असा सगळा संसार एकत्र बाहेर पडला. चालकाच्या कोपराशेजारून ते चाक पुढे गेले, समोरून येणाऱ्या वाहनांची बाजू ओलांडून कुंपणात घुसले. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हते, एवढेच म्हणायचे. ब्रेक दाबल्यावर ड्रमचा आधार गेलेले शू बाहेर फाकले, व्हील सिलिंडरातले दट्टे निसटले, मागच्या चाकांचे ब्रेक ऑइल रस्त्यावर सांडले. पण या मोटारीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पेडल निम्मे खाली गेले आणि मग लागले. पुढच्या दोन डिस्कांनी मोटार थांबवली. मागचा कोपरा रस्त्यावर घासत, ठिणग्या टाकत गेला, त्याची ओरखड्याची रेघ पुढे कित्येक महिने तिथे दिसत असे. आम्ही ती पाहायला जात असू. का जात असू, ते सांगता येणार नाही.

मोटार म्हणजे १९७२ सालची ट्रायम्फ टीआर६. दोन आसनांची, उघड्या टपाची, अडीच लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन असलेली. रंगाला कारखान्याने नाव दिले होते ‘सॅफ्रन’, म्हणजे केशर; प्रत्यक्षात तो हळदीच्या अधिक जवळचा आहे, आणि आम्ही ती विकत घेतली त्याला हे कारण थोडे तरी जबाबदार असावे. कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनली येथल्या कारखान्यात १९६८ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत या जातीच्या चौऱ्याण्णव हजारांहून अधिक मोटारी तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक जहाजात बसून परदेशी, मुख्यतः अमेरिकेला, गेल्या. कॅनलीतली मोटारजुळणी १९८० साली बंद पडली. इंग्लंडात राहिलेल्या थोड्या मोटारींपैकी एक आमच्या दारात आहे, या गोष्टीचा आम्हांला अभिमान होता. अभिमानाबरोबर एक शब्द येतो, तो इकडच्या जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांत फार चालतो : मूळची. मूळचा रंग, मूळचे कातडे, मूळचा स्क्रू. ‘ही अगदी मूळची आहे हो’ हे वाक्य ऐकले की माणसे आवाज खाली आणतात, गाभाऱ्यात आणावा तसा.

तुटलेला आस आम्ही घरी आणला. चाक ज्या शेतात गेले त्या शेतकऱ्यानेच ते दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर घालून आणून दिले. आसाचा बाहेरचा तुकडा हबमध्येच होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि ज्या कामाचे आम्हांला आयुष्यभर वेतन मिळाले ते काम केले, म्हणजे वाचन.

मोडलेले पोलाद वाचता येते. झटक्याने मोडलेला भाग साखरेच्या ढेपेसारखा खरखरीत आणि चमकदार असतो. आमच्या आसाच्या तोंडावर तसा भाग जेमतेम एक चतुर्थांश होता. उरलेला सगळा गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वळ्या. प्रत्येक वळी म्हणजे तडा तिथपर्यंत येऊन काही काळ थांबला होता याची खूण. मोटारीचे चाक किलोमीटरमागे साधारण पाचशे फेरे घेते. दर फेऱ्याला आसाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. लाख किलोमीटर चालले तर पाच कोटी वेळा. हा आस हबमध्ये शिरताना निमुळता होत जातो, त्याच्यावर हब घट्ट बसतो, दोहोंमध्ये एक पोलादी खीळ असते, आणि खिळीसाठी आसात खाच कोरलेली असते. निमुळता भाग सुरू होतो तिथे ताण एकवटतो. वळ्या मोजत मागे गेले की सगळ्यात आतली, नखाएवढी वळी तिथेच सापडली. तडा किती वर्षांपूर्वी सुरू झाला हे त्यावरून सांगता येत नाही. पण आम्ही मोटार विकत घेतली त्या दिवशी तो तिथे असावा, असे मानायला पुष्कळ जागा होती.

मोटारीबरोबर आम्हांला बिलांची एक जाड फाइल मिळाली होती. तीत एका दुरुस्तीशाळेचे दहा वर्षांपूर्वीचे बिल होते, त्यावर इंग्रजीत लिहिले होते की मागच्या दोन्ही हबांची पुनर्बांधणी केली आहे. आम्ही ते वाक्य वाचून निश्चिंत झालो होतो. आता नीट चौकशी केल्यावर कळले की या व्यवहारात पुनर्बांधणी म्हणजे नवी बेअरिंगे, नवे ऑइल सील, नवे ग्रीस आणि वरून काळा रंग. आस जुनाच. म्हणजे जो भाग मोडतो तो सोडून बाकी सगळे नवे. बिलात असत्य असे काही नव्हते. शब्द फक्त मोठा होता. विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या अशाच मोठ्या शब्दांखाली आम्ही लाल रेघा ओढतो. स्वतःच्या मोटारीच्या फाइलीत मात्र ओढली नाही.

याहून अवघड कबुली पुढे आहे. चाक जाण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे मागून वळणावर बारीक टक्-टक् असा आवाज येत होता. आमच्यापैकी जी मोटार अधिक चालवत असे तिने तो दोनदा सांगितला. ज्याला पाने-पक्कड हाताळण्याची हौस होती त्याने तो ऐकून घेतला आणि म्हटले, “हिवाळ्यात मागचं सगळं उघडायचंच आहे.” मागचे सगळे उघडायचे होते ते डिस्क ब्रेक बसवण्यासाठी. त्या तीन आठवड्यांतल्या संध्याकाळी डिस्कांची पत्रके वाचण्यात गेल्या. पुढे डिस्क आणि मागे ड्रम हे जुनाट दिसते. चाकाच्या झरोक्यांतून चकचकीत तबकडी दिसली की कसे नेटके दिसते. दिसते, दिसते, दिसते. ऐकू येत होते त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. भांडण व्हायला हवे होते, झाले नाही. भांडण झाले असते तर लवकर संपले असते. त्याऐवजी मोटार ओढून आणून पत्र्याच्या गराजात ठेवली गेली आणि महिनाभर तिच्याबद्दल घरात कोणी बोलले नाही.

बोलणे सुरू झाले ते डाव्या चाकावरून. उजव्याचा आस मोडला तर डाव्याचे काय? डावा हब उतरवणे म्हणजे या मोटारीचे कुप्रसिद्ध कर्म. निमुळत्या आसावर पन्नास वर्षे रुतून बसलेला हब साध्या पुलरला दाद देत नाही. आम्ही आसासकट सगळा जोड बाहेर काढला आणि हायड्रॉलिक प्रेस असलेल्या एका कारागिराकडे नेला. दाब वाढत गेला, काहीच हलेना, कारागिराने आम्हांला दाराबाहेर उभे राहायला सांगितले, आणि मग बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज करून हब सुटला. घरी आणून आस स्वच्छ केला. त्यावर लाल रंगाचा पातळ द्राव फवारला. पंधरा मिनिटे थांबून तो पुसून टाकला आणि वर खडूसारखी पांढरी भुकटी फवारली. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. आम्ही दोघे गराजात त्या दांड्याकडे पाहत उभे राहिलो. मिनिटभर काही नाही. मग कुंकवाची काडी टेकवावी तशी एक रेघ उमटली, निमुळता भाग सुरू होतो बरोबर तिथे. अर्ध्या घेरापर्यंत.

“विकून टाकू,” असे आमच्यापैकी एकाने म्हटले. जो म्हणाला त्याला मोटार प्राणाहून प्रिय होती. “आणि घेणाऱ्याला काय सांगणार?” असे दुसरीने विचारले.

तेव्हा रूपांतर करणे भाग होते. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. दुरुस्ती म्हणजे होते तसे करणे. इथे होते तसे करण्यात अर्थ नव्हता, कारण होते तेच मोडले होते. नवे हब मिळतात. त्यांत अधिक सकस पोलादाचा, वेगळ्या घाटाचा आस असतो, बेअरिंगांसाठी यंत्रावर कापलेले नवे घर असते, आणि जुन्या सरकत्या दांड्याऐवजी दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असलेला दांडा येतो. अर्थात कॅनलीतून हे असे काही कधी बाहेर पडले नव्हते. ‘मूळची’ हे विशेषण आमच्या मोटारीला त्यानंतर लावता आले नसते.

आम्ही संहितेवर श्रद्धा ठेवण्याच्या परंपरेत वाढलो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत जो पदरची ओवी घालील तो अमृताच्या पात्रात करवंटी ठेवील, असे बजावून ठेवले. वर्गात हे शिकवताना आम्हांला नेहमीच बरे वाटत आले आहे. पण त्याच वर्गात पुढच्या सत्रात आम्ही देवलांचा ‘झुंजारराव’ शिकवतो. देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला तेव्हा नावे बदलली, गावे बदलली, मत्सर मात्र हलू दिला नाही. त्याला आपण भ्रष्ट प्रत म्हणत नाही. म्हणजे प्रश्न असा की मोटार ही कोणत्या जातीची संहिता आहे? तिच्यात हलू न देण्यासारखे काय आहे?

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना टीआर६ ची कुळकथा आम्ही पुन्हा वाचली, आणि ‘मूळ’ या शब्दाखालची जमीन थोडी सरकली. १९६१ च्या टीआर४ चे शरीर इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटले. १९६५ च्या टीआर४ए ला मागे स्वतंत्र निलंबन दिले गेले, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी झाली; ही रचना ट्रायम्फ २००० या चार दारांच्या कौटुंबिक मोटारीच्या घरातली. अमेरिकेतल्या विक्रेत्यांना ती नको होती, म्हणून तिकडे जुना अखंड आसही मिळत राहिला. १९६७ च्या टीआर५ मध्ये सहा सिलिंडरी इंजिन आले. मग नवे रूप हवे झाले, पण वेळ आणि पैसा बेताचा. तेव्हा जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या कारमान कंपनीने मिकेलोत्तीची दारे आणि समोरची काच तशीच ठेवून फक्त नाक आणि शेपूट बदलले. झाली टीआर६. इंग्रजी मर्दानीपणाचा नमुना म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती मोटार म्हणजे इटालियन मधला अंक आणि जर्मन नांदी-भरतवाक्य. चार सिलिंडरी मोटारीसाठी आखलेले मागचे हब तसेच पुढे आले, त्यांच्यावर दीडशे अश्वशक्तीचे इंजिन येऊन बसले. पदरची ओवी कोणी घातली आणि मूळ ओवी कोणती, सांगा.

कॅनलीत उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. मूळ स्क्रू कोणता असा वाद आम्ही त्यांच्यासमोर काढला तेव्हा ते म्हणाले की सकाळी पेटीत जो येई तो आम्ही लावत असू.

आणि मग आम्हांला हेरल्ड आठवली. मराठी घरांतल्या आमच्या वयाच्या माणसांना स्टँडर्ड हेरल्ड आठवतेच. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीत १९६० च्या दशकात तयार होत असलेली ही मोटार म्हणजे कॅनलीच्या ट्रायम्फ हेरल्डचा भारतीय अवतार; आराखडा त्याच मिकेलोत्तीचा. आमच्यापैकी एकीच्या मामांकडे साताऱ्यात एक होती. जॅकवर चढवली की तिची मागची चाके खालून आत वळत, पाय पोटाशी घेतल्यासारखी. कारण तिचे मागचे दोन्ही आस मधून झुलते होते. मामा त्या चाकांकडे संशयाने पाहत आणि त्यांचा मिस्त्री उघड नापसंतीने. हे दोघेच नव्हते. भारतातल्या गिऱ्हाइकांचा आणि मिस्त्र्यांचा त्या झुलत्या आसांवर विश्वास बसला नाही, आणि १९७२ च्या सुमारास हेरल्डची जागा गझेलने घेतली तेव्हा मद्रासच्या कंपनीने मागे सरळ अखंड आस बसवला. ज्या वर्षी आमची टीआर६ कॅनलीतून बाहेर पडली त्याच सुमारास तिच्या चुलत घराण्यात मागच्या चाकांचे रूपांतर होऊन गेले होते. त्यासाठी कोणी क्षमा मागितली नव्हती. रस्ते वेगळे होते, हात वेगळे होते, म्हणून आस वेगळा.

हेरल्डच्या आठवणीने आमच्यातला अबोला संपला, असे म्हटले तर फार नाटकी होईल. पण मामांच्या मिस्त्र्याची नक्कल करीत करीतच नव्या हबांची मागणी नोंदवली गेली, हे खरे.

खोका आला तो मार्च २०२० मध्ये, आणि आठवड्याभरात टाळेबंदी लागली. वेळ अमाप मिळाला. या कामाचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही, तरी आवरतो. दोनच गोष्टी सांगतो. मागच्या प्रत्येक चाकाला धरणारा हात अॅल्युमिनियमचा ओतीव आहे आणि हब त्याला सहा बारीक स्टडांनी जखडलेला असतो. पोलादी स्टड, अॅल्युमिनियमची भोके. पन्नास वर्षांत किती तरी जणांनी ते ‘आणखी थोडे’ आवळलेले असतात. डाव्या बाजूचे दोन स्टड फिरवताच अॅल्युमिनियमचे आटे घेऊनच बाहेर आले, पेन्सिल तासल्यावर निघावे तसे वेटोळे. तिथे भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवावे लागते. मग स्टड पूर्वीपेक्षाही घट्ट बसतो. उजवा हात रस्त्यावर घासून निकामी झाला होता, तो जुन्या मोटारींच्या भंगारातून दुसरा आणला. दुसरी गोष्ट अशी की नवा हब बसवताना नट आवळायचे ते हाताच्या अंदाजाने नव्हे, टॉर्क रेंचने. आणि हे काम आमच्यापैकी जिच्या शेजारून चाक गेले होते तिनेच केले. रेंचचा ‘टक्’ असा आवाज प्रत्येक नटाला आला की ती खडूने खूण करी. हे करायला तिला कोणी सांगितले नव्हते. टक् या आवाजाशी तिचा हिशेब बाकी होता.

आता डिस्कांविषयी. त्या आधीच विकत घेतलेल्या होत्या, आणि विकत घेतलेल्या वस्तूचे समर्थन करणे माणसाला अवघड जात नाही. सहा स्टडांवर ड्रमच्या पाठपट्टीऐवजी एक कंस बसला, कंसावर फोक्सवॅगन गोल्फच्या मागच्या चाकाचे कॅलिपर, हबवर चकचकीत तबकडी. झरोक्यांतून दिसू लागली. जूनमध्ये पावसाने भिजलेल्या एका मोकळ्या आवारात ताशी पंचवीस मैलांवर ब्रेक दाबून पाहिले आणि मोटारीने मागचा भाग पुढे आणण्याचा प्रयत्न केला.

कारण साधे आहे आणि पत्रकात ते नव्हते. ब्रेक दाबला की मोटारीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकांना फार ब्रेक दिला तर ती पुढच्यांआधी अडकतात, आणि अडकलेली मागची चाके मोटारीच्या पुढे जाऊ पाहतात. कॅनलीच्या अभियंत्यांनी मागे नऊ इंचांचे ड्रम ठेवले ते कंजूषपणाने ठेवले असतील, पण मागच्या चाकांच्या वाट्याला जेवढे काम येते तेवढ्याला ते पुरेसे होते. आम्ही मागच्या वाहिनीत दाब कमी करणारा व्हॉल्व बसवला. म्हणजे आधी अधिक शक्तीचा ब्रेक लावला आणि मग त्याची शक्ती कमी करण्यासाठी आणखी एक वस्तू विकत घेतली. या वाक्यातली गंमत आम्हांला तेव्हा कळली नाही.

कळली ती हँडब्रेकने. आमच्या घरासमोरचा रस्ता उताराचा आहे. ड्रमच्या काळात हँडब्रेक ओढला की मोटार खिळल्यासारखी राही. कॅलिपरवरच्या लहानशा तरफेला जुन्या मोटारीची केबल पुरेशी खेचत नव्हती. एका सकाळी मोटार हळूच सरकून शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला टेकून उभी होती. चाळीस वर्षांवरच्या मोटारींना ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे, मोठे फेरफार केले नसतील तर; आणि सुरक्षिततेसाठी केलेले बदल मोठे फेरफार मानले जात नाहीत. म्हणजे कायद्याला आमच्या रूपांतराबद्दल तक्रार नव्हती. तरी आम्ही शरद ऋतूत मोटार आपणहून तपासणीला नेली. अशा मोटारीच्या हँडब्रेकची क्षमता सोळा टक्के लागते. आमची तेरा भरली. केबल आवळून पुन्हा नेली, पंधरा. तपासनीस दयाळूपणे म्हणाला की ड्रम असते तर प्रश्नच नव्हता.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग “ड्रम कुठं ठेवलेत?” असा प्रश्न आला. ते माळ्यावर होते, तेलाच्या कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून. ठेवले होते ते पुरातत्त्वाच्या बुद्धीने, वापरायच्या नव्हे. नवे शू, नवे व्हील सिलिंडर आणि जुने ड्रम नव्या हबांवर दोन दिवसांत बसले. डिस्का तोट्यात विकल्या. व्हॉल्व अजून कुठे तरी खणात आहे.

तेव्हा आमची मोटार आता अशी आहे : बाहेरून मूळची दिसते, ड्रमही मूळचे आहेत, आणि त्यांच्या आत, जिथे कोणी पाहत नाही तिथे, एकही मूळ भाग नाही. प्रदर्शनात परीक्षक वाकून पाहतात आणि पसंतीची मान हलवतात. पहिल्यांदा आम्ही खुलासा करीत असू. आता विचारले तरच सांगतो, आणि सहसा कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र गेली. जुन्या दांड्यांमध्ये सरकते दाते होते. जोर लावून वळण घेताना ते दाते एकमेकांत अडकत आणि वेग सोडला की सुटत. त्याबरोबर मोटार कमरेत हलका झटका देई. पुस्तकांत हा दोष म्हणून नोंदवलेला आहे आणि तो दोषच होता. सीव्ही जॉइंटांनी तो पूर्ण नाहीसा केला. मोटार आता वळणातून सरळ वाक्यासारखी बाहेर पडते. आमच्यापैकी एकाला त्या झटक्याची आठवण येते आणि तो ते बोलून दाखवतो. दुसरीला मुळीच येत नाही. देवलांनी जो मत्सर हलू दिला नाही, त्याच्या जागी इथे हा झटका होता की काय, अशी शंका एकदा जेवताना निघाली. “मला त्या झटक्यात चाक सुटल्यासारखं वाटायचं, तू शेजारी बसून ‘वा’ म्हणायचास,” असे उत्तर आले. त्यावर काही बोलण्यासारखे नव्हते.

मोडलेल्या आसाचा बाहेरचा तुकडा पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशाला टेकू म्हणून ठेवला आहे. वळ्या वर येतील असा.

त्या वळणावरून आम्ही पुन्हा गेलो ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. चालक तीच. रस्त्यावरची रेघ बुजली होती. वर नवे डांबर पडले होते. चाक गेले होते तिथले कुंपणातले भगदाडही भरून आले होते, हॉथॉर्नच्या नव्या पालवीने, आणि नेमके कुठे होते यावर आमचे एकमत झाले नाही. वळण जवळ आले तसा तिने गिअर बदलला. शेजारून काही तरी बोलण्याची सुरुवात झाली होती.

“थांब जरा,” ती म्हणाली, “मला ऐकू दे.”